गुरांची विषबाधा आणि रानातले उतारे

मृगाचा पाऊस एकदोनदा पडून गेला की डहाणू व तलासरी तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात सारे हिरवे दिसू लागते. परंतु हे हिरवेपण माणसाच्या डोळ्यांपुरतेच असते. गुरांच्या तोंडात भरण्याइतके गवत अद्याप वर आलेले नसते. घरचा पेंढा वैशाखातच सरलेला असतो. कार्तिकात कापलेले गवत तर मुंबईच्या तबेल्यांसाठी केव्हाच विकले गेलेले असते. (हे तेच गवत, की ज्याच्या कापणीस दर ५०० पौंडांमागे अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून १९४५ साली येथील वारल्यांनी विळे खाली ठेवले होते.) अशा दिवसांत भुकेले जनावर एरवी ज्या झुडपाकडे ढुंकूनही पाहत नाही त्या झुडपाला तोंड लावते. संध्याकाळी गुरे पाड्यावर परततात तेव्हा एक बैल मागे राहिलेला असतो. त्याच्या तोंडातून लाळ गळत असते, पोट डाव्या बाजूस फुगलेले असते आणि पाय लटपटत असतात.

आवणीच्या तोंडावर बैल किंवा रेडा जाणे म्हणजे काय, हे भातशेती करणाऱ्यास सांगावयास नको. चिखलणी आठ दिवसांनी पुढे ढकलली तर रोप म्हातारे होते. ती मुळीच झाली नाही तर शेत पड राहते. म्हणून त्या रात्री त्या घरात दिवा विझत नाही. प्रथम बोलावणे जाते ते भगताला अथवा झाडपाल्याची माहिती असलेल्या एखाद्या वृद्धाला. पशुवैद्याचा दवाखाना अनेक पाड्यांपासून दूर आहे. भगताचे घर मात्र हाकेच्या टप्प्यात असते. सुशिक्षित मनुष्य या प्रकाराला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. परंतु मध्यरात्री, पावसात, ओढ्याला पाणी असताना जो माणूस खरोखर येऊन पोहोचतो त्याच्याच हाती उपचार जातो, हा व्यवहार आहे. तेव्हा त्या माणसाच्या झोळीत जे पाले, साली व फळे असतात त्यांतील कोणती खरोखर गुणकारी, कोणती निरुपयोगी आणि कोणती घातक, हे पाहणे अधिक उपयोगाचे होईल.

हे ज्ञान पोथीत फारसे आलेले नाही. आपल्या जुन्या ग्रंथकारांनी घोड्यांसाठी शालिहोत्र व हत्तींसाठी पालकाप्य यांच्या नावे मोठाली शास्त्रे रचली, कारण घोडे व हत्ती राजाच्या पागेत होते. गाईबैलांच्या औषधांना अग्निपुराणासारख्या ग्रंथात एखादे प्रकरण मिळाले. बाकीचे सारे गुराख्यांच्या तोंडी राहिले. मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले आणि नव्या विद्येचा आरंभ झाला. तथापि रानातली विद्या रानातच राहिली व बापाकडून मुलाकडे जात राहिली. नाव उघड केल्यास औषधाचा गुण जातो अशी समजूत असल्याने ती अनेकदा बापाबरोबर चितेवरही गेली.

या विद्येची परीक्षा करण्यापूर्वी गाईच्या पोटाची रचना ध्यानात घेतली पाहिजे; कारण माणसाला लागू पडणारा उतारा गुराला लागू पडत नाही याचे मुख्य कारण तेथेच आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोठीपोट इतके विशाल असते की मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. खाल्लेला चारा तेथे आंबत पडतो आणि असंख्य सूक्ष्म जंतू तो फोडून पचनास योग्य करतात. जनावर तो चारा घासाघासाने वर आणून चघळते खरे, परंतु माणूस किंवा कुत्रा ओकतो त्याप्रमाणे पोटातला ऐवज ओकून बाहेर टाकण्याची शक्ती त्याला नाही. जे गिळले ते पुढेच जावयाचे.

गेळाचे फळ येथील रानात सर्वत्र मिळते. वैद्यकात त्यास मदनफळ म्हणतात आणि वमन करविणाऱ्या द्रव्यांत त्याचा मान पहिला आहे. तेच फळ कुटून डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात, हेही सर्वांस ठाऊक आहे. विष प्यालेल्या माणसाला गेळ देऊन ओकविण्याची जुनी रीत पाहून कोणी तेच फळ बैलाला कुटून पाजले, तर बैल ओकणार नाही. आधीच विषाने पोळलेल्या पोटात एका दाहक द्रव्याची भर मात्र पडेल. मिठाचे तीव्र पाणी, मोहरीचे पाणी, घशात बोटे घालणे, हे सारे प्रकार गुरांच्या बाबतीत याच कारणाने व्यर्थ आहेत.

मग विष पोटातून काढता येत नसेल तर करावे काय? ते पोटातल्या पोटात बांधून ठेवावे, म्हणजे रक्तात शिरणार नाही. या कामी सर्वांत भरवशाची वस्तू ही पाला नव्हे, मूळही नव्हे. ती आहे कोळसा. लाकडी कोळसा बारीक वाटून पाण्यातून पाजण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि ठाण्याच्या जंगलात एके काळी कोळशाच्या भट्ट्या पेटत असल्याने येथे कोळशाची वाण कधी नव्हती. कोळशाच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांच्या पृष्ठभागावर विषाचे कण चिकटून राहतात. आधुनिक पशुवैद्यक हेच द्रव्य वापरते. फरक इतकाच की त्याचा कोळसा विशेष क्रियेने तयार केलेला असतो, त्यामुळे त्याची विष धरून ठेवण्याची शक्ती चुलीतील कोळशाहून कितीतरी अधिक असते. मात्राही थोडीथोडकी नसते. जनावराच्या वजनाच्या दर किलोस सुमारे ५ ग्रॅम धरले तर अडीचशे किलोच्या देशी बैलाला सव्वा किलो कोळसा लागतो. चिमूटभर पूड पाण्यात ढवळून पाजणाऱ्याने समाधान मानावे, परंतु गुणाची आशा धरू नये.

कोळशाचे महत्त्व घाणेरीच्या विषबाधेत विशेष प्रत्ययास येते. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून १९ व्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे झुडूप म्हणून हिंदुस्थानात आली आणि बागेचे कुंपण ओलांडून रानेच्या राने व्यापून बसली. रानात वाढलेले जनावर तिच्या वासानेच दूर राहते. परंतु बाहेरून विकत आणलेले, तिची ओळख नसलेले जनावर किंवा उपाशी जनावर तिचा पाला खाते. तिच्यातील विष यकृतावर घाला घालते. डोळे पिवळे होतात, बद्धकोष्ठ होते, आणि उन्हात उभे राहिल्यास नाकपुडी व अंगावरील पांढरा भाग भाजल्यासारखा होऊन फाटतो. यातील कपटाचा भाग असा की या विषाने कोठीपोटाची हालचालच थांबते. पाला तेथेच पडून राहतो आणि दिवसेंदिवस थोडे थोडे विष रक्तात जात राहते. म्हणून जनावराने पाला खाऊन दोन दिवस लोटले असले तरीही कोळसा देण्यात अर्थ असतो. जनावर सावलीत बांधावे, हे तर कोणासही करता येईल असे औषध आहे.

कोळशानंतर विचार करावयाचा तो काताचा. खैराचे झाड डहाणूच्या जंगलात विपुल होते, आणि त्याच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात करण्यावरूनच कातकरी हे नाव पडले असे सांगतात. खैराची साल, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांचा काढा विष चढलेल्या जनावराला देण्याची रीत जुनी आहे. या सालींतील तुरट द्रव्य काजऱ्यासारख्या वनस्पतींतील कडू विषांशी संयोग पावून त्यांचा साका करते, आणि साका झालेले विष पोटात सावकाश भिनते. युरोपातील वैद्यही एके काळी याच मार्गाने जात होते. कोळसा, मॅग्नेशिया व तुरटाम्ल यांचे मिश्रण ते सर्व विषांवरचा उतारा म्हणून बाळगीत. घरच्या घरी करावयाचे तर जळका पाव, मॅग्नेशियाचे दूध आणि कडक चहा! पुढे प्रयोगान्ती असे दिसून आले की त्या मिश्रणात खरे काम कोळसा करतो व इतर दोन द्रव्ये कोळशाच्याच आड येतात. तेव्हा खैराच्या काढ्यास अडाणी म्हणणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की विलायती वैद्यकाची पावले काही काळ त्याच वाटेने पडत होती.

शेर, निवडुंग, रुई यांचा चीक पोटात गेल्याने तोंड व आतडी पोळलेली असतील, तर भाताची पातळ पेज किंवा जवसाचा बुळबुळीत काढा देतात. हा उपचार साधा व निर्दोष आहे. पोळलेल्या त्वचेवर तो एक पातळ लेप धरतो. त्याने विष उतरत नाही, दाह मात्र शमतो.

आता आंबट द्रव्यांकडे वळू. चिंचेचे पाणी, कोकम आणि आंबट ताक यांवर येथील लोकांचा मोठा विश्वास आहे. मातलेल्या माणसापासून भोवळलेल्या बैलापर्यंत सर्वांस तोच उतारा. या एका उताऱ्याच्या तीन कथा सांगितल्या तर झाडपाल्याच्या विद्येचे बल व तिची दुर्बलता दोन्ही उघड होतील.

पहिली कथा युरियाची. शेतात खत टाकून झाल्यावर रिकामी गोणी बांधावर राहते, अथवा गोणी धुतलेले पाणी बादलीत राहते. खारट चवीच्या ओढीने गुरे ते चाटतात. अर्ध्या-पाऊण तासात जनावर कापू लागते, दात खाते, त्याचे पोट फुगते, आणि पुष्कळदा तास-दोन तासांत आटोपते. कोठीपोटातील जंतू युरियापासून झपाट्याने अमोनिया तयार करतात व तो रक्तात शिरतो. यावर पशुवैद्य काय देतो? व्हिनेगर, म्हणजे आंबट पाणी, काही लिटर, आणि त्यासह पुष्कळ थंड पाणी. मोठ्या जनावरास तीस-चाळीस लिटरपर्यंत. आम्लामुळे अमोनियाचे रूप पालटते व तो पोटाच्या भिंतीतून सहजी पलीकडे जात नाही. थंड पाण्याने जंतूंचे काम मंदावते. चिंचेचे दाट पाणी हे व्हिनेगरइतके नेमके नसले तरी त्याच जातीचे आहे. ज्यांनी हा उतारा शोधला त्यांनी युरिया स्वप्नातही पाहिला नव्हता, तरी तो येथे लागू पडतो!

दुसरी कथा खळ्यावरची. कार्तिक-मार्गशीर्षात झोडणी चालू असते. रात्री बैलाचे दावे सुटते व तो भाताच्या राशीत तोंड घालून पोटभर दाणे खातो. सकाळी तो सुस्त पडलेला, पोट तट्ट फुगलेले, शेण पातळ व आंबट वासाचे. पाड्यावर बोलबाला होतो की बैलावर विषप्रयोग झाला. वस्तुतः विष बाहेरून आलेलेच नाही. कोठीपोटात दाणे एकाएकी आंबून तीव्र आम्ल तयार झालेले असते व तेच त्याला मारीत असते. अशा बैलाला चिंचेचे पाणी किंवा ताक पाजणे म्हणजे आगीवर तेल ओतणे होय. त्याला हवा खाण्याचा सोडा, आणि तोही डॉक्टराच्या सल्ल्याने.

तिसरी कथा उंदरांची. भातशेतीत उंदीर माजले की झिंक फॉस्फाईड नावाची काळी पूड पिठात कालवून बिळापाशी ठेवतात. ते पीठ गुराच्या पोटात गेले की पोटातील आम्लाशी मिळून त्यातून अत्यंत विषारी वायू सुटतो. येथे आंबट पाणी दिले तर तो वायू अधिक वेगाने सुटेल. येथेही आम्ल मारणारे औषध हवे, आणि तेल पाजणे तर कटाक्षाने टाळावे. कारण तेलामुळे हे विष अंगात अधिक सहज भिनते. तेल हा आपल्याकडे सर्व पोटदुखींवरचा ठरलेला उपाय. पण कित्येक कीटकनाशकांच्या बाबतीतही तो असाच घात करतो.

सारांश इतकाच की बैल तेच, फुगलेले पोट तेच, भांड्यातली चिंचही तीच. एका ठिकाणी तिने जीव वाचतो, दोन ठिकाणी जातो. झाडपाल्याच्या उपचारात दोष असेल तर तो पाल्यात तितका नाही. लक्षण पाहून कारण न शोधता सर्व विषांना एकच विष समजण्यात आहे. पूर्वीच्या काळी या चुकीची किंमत कमी होती, कारण रानात विषारी झाडे मोजकीच होती आणि जाणत्या गुराख्याला ती सारी ठाऊक होती. आज पाड्याच्या उंबरठ्यापर्यंत जी विषे आली आहेत ती कारखान्यातून आली आहेत. त्यांना वास वेगळा, नाव परके, आणि उतारा आजोबाने सांगितलेला नाही.

अशा विषांत पहिला क्रम लागतो तो भातावर, भाजीवर व चिकूच्या बागांवर वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचा. समुद्रकाठी आगर, घोलवड, बोर्डी या बाजूस बागाइती, आणि पूर्वेस तलासरीकडे भातशेती व रान. औषधांचे डबे दोन्हीकडे पोहोचले आहेत. फोरेटसारखी काही भयंकर औषधे सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केली, तथापि त्याच कुळातील इतर औषधे बाजारात आहेत. फवारलेल्या बांधावरचे गवत, फवाऱ्याची बादली धुतलेले डबके, कोपऱ्यात पडलेली रिकामी बाटली, एवढे गाईला पुरते. तोंडातून लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी, पुनःपुन्हा पातळ शेण, अंगाला कंप, डोळ्याचे बुबुळ टाचणीच्या टोकाएवढे बारीक आणि धाप, ही याची लक्षणे.

या ठिकाणी निसर्गाने एक विलक्षण योग घडवून आणला आहे. उकिरड्यावर उगवणारा धोतरा सर्वांस परिचित आहे. तो पोटात गेला तर लक्षणे नेमकी उलट दिसतात: तोंड कोरडे पडते, बुबुळ विस्फारते, आतड्यांची हालचाल बंद पडते. धोतऱ्यात ज्या द्रव्यामुळे हे घडते त्यांतील एक म्हणजे अ‍ॅट्रोपीन. आणि अ‍ॅट्रोपीन हाच या कीटकनाशकांच्या विषावरचा मुख्य उतारा होय. विष विषाला मारते ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. मात्र यावरून कोणी बैलाला धोतऱ्याचा पाला पाजण्यास निघाल्यास तो बैल दोन विषांच्या मध्ये सापडेल. धोतऱ्याच्या प्रत्येक झाडात, त्याच्या पानाबियांत आणि दर ऋतूत या द्रव्याचे प्रमाण निराळे असते, शिवाय पोटातून ते रक्तात किती व केव्हा पोहोचेल याचा भरवसा नाही. डॉक्टर त्याचे मोजलेले इंजेक्शन देतो, लाळ आटली की नाही ते पाहतो आणि त्याप्रमाणे पुढची मात्रा ठरवतो. झाड तेच आहे. मोजमाप नवे आहे, आणि जीव त्या मोजमापाने वाचतो.

कुंपणावर लाल-काळ्या मण्यांनी लटकणाऱ्या गुंजेची गोष्टही अशीच दूरवर जाते. सोनाराच्या तराजूत रती म्हणून मान पावलेली ही बी अखंड गिळली गेली तर तिच्या कठीण कवचामुळे बहुधा अपाय होत नाही. फुटली किंवा कुटली तर ती प्राणघातक आहे. १९ व्या शतकातील न्यायवैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांत हिंदुस्थानातील एका गुन्ह्याचे वर्णन वारंवार येते: गुंजेचे पीठ मळून, वाळवून त्याच्या बारीक सुया करीत व वैरापोटी किंवा कातड्याच्या लोभाने त्या दुसऱ्याच्या गुरांना टोचीत. वैद्यकाने तांदुळजाचा रस साखर घालून गुंजेच्या विषावर सांगितला आहे. तो गुरांत कितपत उतरतो याची परीक्षा झाल्याखेरीज त्यावर विसंबणे धोक्याचे. परंतु याच गुंजेने जगाला एक मोठा धडा दिला. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ साली एरंडाच्या व गुंजेच्या बियांतील विषे उंदरांना अत्यल्प मात्रेत देऊन पाहिली. मात्रा हळूहळू वाढवीत नेली असता उंदीर विषाला दाद देईनासे झाले, आणि त्यांच्या रक्तात त्या त्या विषावरचाच, दुसऱ्या विषावर न चालणारा, उतारा तयार झालेला आढळला. या काळातील अशा संशोधनाच्या आधारावर फ्रान्समधील काल्मेत याने थोड्याच वर्षांत सर्पविषावरील प्रतिविष तयार केले. मुंबईच्या हाफकिन संस्थेने पुढे ते आपल्या देशातील नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांसाठी घडविले.

सर्पदंश हा येथील गुरांना दुसरा मोठा काळ. चरताना गवतात तोंड असते, म्हणून दंश पुष्कळदा नाकपुडीवर किंवा ओठावर होतो, पायावरही होतो. घोणसाचा दंश असेल तर तोंड सुजून जनावराला श्वास घेणे कठीण जाते. नाग किंवा मण्यार असेल तर मान लुळी पडते. गाईगुरांच्या गळ्यात घंटा बांधावी, म्हणजे साप व श्वापदे दचकून दूर जातील आणि जनावर कोठे चरते तेही कळेल, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. दोन हजार वर्षांनंतरही याहून स्वस्त उपाय सुचविता येत नाही. दंश झाल्यावर मात्र भगत येतो. तो तांदळाचे दाणे पाहतो, केळीच्या सोपाचा रस पाजतो, शिरीषाची साल उगाळतो. शिरीषाला चरकसंहितेने विषघ्न द्रव्यांत श्रेष्ठ स्थान दिले आहे, म्हणून त्याची निवड निराधार नव्हे. माणसाला कडुनिंबाचा पाला चघळावयास देऊन तो गोड लागतो की कडू हे विचारण्याची रीत आहे. बैलाला ते विचारता येत नाही, ही त्या परीक्षेची मर्यादा भगतही मान्य करतो!

भगताच्या हातून कित्येक जनावरे बरी होतात, हे खोटे नाही. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. ज्या जनावराला विष चढलेच नव्हते ते केळीच्या रसाने उठते व भगताची कीर्ती वाढते. ज्याला चढले होते ते मरते व आयुष्य सरले असे म्हणतात. या हिशोबात औषधाची परीक्षा कधीच होत नाही. नागाचे किंवा घोणसाचे विष खरोखर अंगात गेले असता झाडपाल्याने ते उतरल्याचा पुरावा नाही. तेथे प्रतिविषच लागते, आणि ते जितके लवकर मिळेल तितके चांगले.

कोणतेही औषध पाजताना एक अपघात हटकून होतो, त्याविषयी येथेच सांगणे बरे. बैलाचे डोके उंच उचलून, जीभ ओढून, बांबूच्या नळकांड्याने काढा घशात ओततात. जनावर कापत असेल किंवा आडवे पडले असेल तर त्याला गिळता येत नाही. काढा फुप्फुसात उतरतो, आणि विषातून वाचलेले जनावर चार दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने मरते. मग दोष विषाला दिला जातो. अशा जनावराला तोंडाने काहीही पाजू नये. त्याला छातीवर टेकवून बसते करावे व दोन्ही बाजूंस गवताचे भारे लावावेत, म्हणजे पोट फुगून कोंडमारा होत नाही.

वनस्पतींच्या विषापेक्षा धान्यावरील बुरशीचे विष अधिक फसवे असते. कोद्रा हे डोंगराळ भागातील गरिबांचे धान्य. पावसात भिजलेल्या कोद्र्यावर बुरशी धरते आणि तो खाणारा माणूस किंवा जनावर मातल्यासारखे डुलते, म्हणून त्याला मातलेला कोद्रा म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यप्रदेशातील बांधवगडच्या अभयारण्यात दहा हत्ती दोनतीन दिवसांत मरण पावले. त्यांच्या पोटात कोद्रा निघाला व बुरशीपासून होणारे विष तपासणीत आढळले. हत्तीची ही गत, तर खोंडाची काय कथा! भिजून काळा पडलेला पेंढा गुरांपुढे टाकताना हे स्मरावे.

जनावर एकाएकी मेले म्हणजे त्याला विष झाले असेच नव्हे, हेही या विषयाचाच भाग आहे. घटसर्प, फऱ्या व फाशी हे रोगही काही तासांत जनावर आडवे करतात. यांपैकी फाशी, जिला काळपुळी असेही म्हणतात, ती माणसालाही होते. मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येत असेल तर ते कदापि फाडू नये, सोलू नये व त्याचे मांस खाऊ नये. डॉक्टराला कळवून खोल पुरावे.

कारण नेमके शोधण्यात केवळ बैलाचा प्रश्न नसतो. वारली समाजावर १९४५ साली ग्रंथ लिहिणारे के. जे. सावे यांच्यापासून अनेकांनी भुताळीच्या समजुतीची नोंद केली आहे. गुरे एकामागून एक मेली की कोणाच्या तरी दृष्टीचा हा प्रताप असे ठरते, आणि तो कोणी बहुधा एखादी एकटी, म्हातारी, निराधार बाई असते. अशा बायकांचा छळ होऊ नये म्हणून महाराष्ट्राने २०१३ साली कायदाही केला. परंतु कायद्याचा शिपाई पोहोचण्यापूर्वी गोठ्यात जे घडते ते महत्त्वाचे. बैल आजारी पडताच तो त्या दिवशी कोठे चरला ते पाहून तेथील चघळलेल्या झुडपाची फांदी तोडून आणावी. औषधाची बाटली किंवा खताची गोणी सापडल्यास तीही, हात न माखता, बाजूस ठेवावी. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पथक येईपर्यंत बैल सावलीत बसता ठेवावा व उरलेली गुरे त्या जागेकडे जाऊ देऊ नयेत. डॉक्टर आल्यावर फांदी, बाटली व गोणी त्याच्यापुढे ठेवावी, आणि भगताने काय पाजले असेल तर तेही न लपविता सांगावे. बैल मेलाच, आणि फाशीची शंका नसेल, तर त्याचे कोठीपोट डॉक्टराकडून उघडवून घ्यावे. घाणेरीची पाने किंवा खताचा वास तेथे मिळाला, तर ते पाड्यातील चार माणसांना बोलावून दाखवावे. ज्या घरावर संशय घेतला जात असेल त्या घरचे माणूसही त्यांत असावे.